पक्की प्रत

पुणे, ४ ऑक्टोबर २०२४

आदरणीय सर,
जयभीम.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही "बोल, ऐकून राह्यलो" म्हणता आणि दोन मिनिटांत तुम्हीच बोलायला लागता. रागावू नका. दहावीनंतर दोन वर्षं मेहकरला तुमच्या घरी राहिलो, काकूंच्या हातची भाकर खाल्ली. तेवढा हक्क आहे.

मला चित्रपट मिळालाय, सर. लेखन माझं, दिग्दर्शनही माझंच. गोष्ट विनोदी आहे, पण शेवटी घशात अडकेल अशी. नायक भगवंतराव, वय अठ्ठावन्न, तालुक्याच्या गावातला नावाजलेला वक्ता. घरी बायको आणि बाहेर एक बाई. माणूस वाईट नाही. वाईट माणसाची गोष्ट सोपी असते. हा प्रत्येक वेळी स्वतःला पटवून देतो की मी केलं तेच नीतीचं.

घोडं अडलंय ते इथंच. मी लिहिलेली त्याची समर्थनं पोचट आहेत. नट वाचतात आणि म्हणतात, "हा तर तोंड उघडल्याबरोबर खोटा वाटतो." मला असे युक्तिवाद हवेत की प्रेक्षकानं आधी हसावं, मग मान डोलवावी, आणि मग आपण मान का डोलवली म्हणून घाबरावं.

वादविवाद स्पर्धेत तुम्ही ऐन वेळी आमची बाजू बदलायचात. बुलडाण्याला मला हुंड्याच्या बाजूनं बोलायला लावलंत आणि मी पहिलं बक्षीस आणलं. घरी काकूंनी ताट वाढताना विचारलं, "जिंकला खरा, पण तुले लाज नाही वाटली?" ते अजून आठवतं.

आता ही बाजू तुम्ही घ्या. भगवंतरावाचे वकील व्हा. त्यानिमित्तानं तुमचं मोत्यासारखं अक्षरही पुन्हा बघायला मिळेल. पायलच्या लग्नाची तारीख कळवा.

तुमचा,
अश्वजित


मेहकर, १५ ऑक्टोबर २०२४

प्रिय अश्वजित,
जयभीम.

मोबाईलवर अंगठ्यानं लिहिलेला विचार अंगठ्याएवढाच राहतो. कागद घेतलास हे उत्तम केलंस. चित्रपटांविषयी माझं मत तुला ठाऊक आहे. पण कुणी बाजू दिली आणि सहदेवनं नाही म्हटलं, असं आजवर घडलेलं नाही.

तुझा भगवंतराव माफी मागतो, ही तुझी मूळ चूक. तो माफी का मागेल? तो छाती काढून विचारेल: "मी बायकोला काय कमी केलं? घर तिच्या नावावर आहे. तिच्यावर हात उगारला नाही. दारूला शिवलो नाही. पाच शीलांपैकी चार मी अशी पाळतो की पंचक्रोशीत कुणी पाळत नसेल. पोराला शंभरपैकी ऐंशी गुण मिळाले तर आपण पेढे वाटतो, आणि माणसाला ऐंशी मिळाले तर फाशी?"

लॉजबिज दाखवू नको. ते हलकं होईल. तो दर गुरुवारी सव्वादोनच्या गाडीनं लोणारला जातो, अभ्यासवर्ग घ्यायला. वर्ग खरोखरच घेतो. सात-आठ माणसं असतात. वर्ग संपला की एक बाई मागं थांबते. तिच्याजवळ प्रश्न असतात. ज्या माणसाला तीस वर्षांत घरी "भाजी कोणती आणता?" याखेरीज कुणी प्रश्न विचारला नाही, त्याला विचारणारं माणूस भेटलं तर त्यानं काय करावं? तिचं नाव अनुपमा ठेव. तो म्हणेल, "हे प्रेम नाही, प्रबोधन आहे." इथं लोक हसतील. हसू दे. तो मात्र हसणार नाही.

बायकोचा विषय निघाला की तो चिडणार नाही, मऊ होईल. म्हणेल, "ती साधी आहे. तिला यातलं काही कळत नाही. तिला सांगून दुखवणं ही हिंसा, आणि न सांगणं ही करुणा." हे वाक्य जसंच्या तसं ठेव.

आता माझा हुकमी प्रसंग. भगवंतरावाला बौद्धाचार्य कर. तो लग्नं लावतो. पांढऱ्या कपड्यांतल्या नवरा-नवरीपुढं एकेक शील म्हणतो, मांडव त्याच्यामागून म्हणतो. हिंसा करणार नाही. चोरी करणार नाही. मग तिसरं येतं, व्यभिचार करणार नाही. तिथं त्याला खोकला येतो. तो रुमाल तोंडाला लावतो. लोकांना पाठच असतं, ते त्याच्याविना म्हणून टाकतात. चौथं, खोटं बोलणार नाही, हे तो पुन्हा खणखणीत म्हणतो.

कळलं? तिसरं मोडलं म्हणून चौथंही मोडायचं नाही, एवढा तो सच्चा आहे. जे पाळत नाही ते तो तोंडानं म्हणत नाही. तू याला ढोंग म्हणशील. मी म्हणतो, त्या मांडवात तो एकटाच प्रामाणिक. बाकीचे पाचही घडाघडा म्हणतात आणि पंगतीकडे पळतात.

पायलचं लग्न १२ जानेवारीला, रविवारी, मेहकरलाच. मुलगा चिखलीला नोकरीला आहे. लग्न मीच लावणार. तिचा हट्टच आहे, "पप्पा, दुसऱ्याच्या तोंडून मले शील घ्यायचं नाही."

तुझा,
सहदेव


पुणे, २७ ऑक्टोबर २०२४

आदरणीय सर,
जयभीम.

तुमचं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. "ऐंशी गुण" ऐकून आमचा मुख्य नट खुर्चीतून पडायचा राहिला. घरी जाताना म्हणाला, "या माणसाला उत्तर काय द्यायचं रे?" मला हेच हवं होतं.

आणि तो खोकला! मोताळ्याला माझ्या ताईच्या लग्नात तुम्हाला ऐन शीलाच्या वेळी ठसका लागला होता. पाण्याचा पेला मीच आणून दिला होता. त्यावरूनच सुचलं ना? साध्या ठसक्यातून केवढा प्रसंग काढलात.

एक भोक मात्र राहिलंय. सबंध गोष्टीत बायकोला एक ओळ नाही. तिला माहीत आहे का? माहीत असेल तर ती काय करते? हे तुमच्या-माझ्या आवाक्यातलं नाही, म्हणून बायकोचे संवाद मी काकूंनाच विचारणार आहे. तुमच्या पत्राची पानं त्यांना वाचून दाखवीन.

पुढच्या महिन्यात जागा बघायला लोणारला येतो. गुरुवारीच येईन म्हणतो, सव्वादोनच्या गाडीनं, तुमच्यासोबत; तुमचा तिथला अभ्यासवर्गही बघता येईल.

तुमचा,
अश्वजित


मेहकर, ५ नोव्हेंबर २०२४

अश्वजित,

घाईत लिहितोय. अक्षर लागलं नाही तर संदर्भानं लाव.

लेखक आणि पात्र एक नसतात, हे मी तुला अकरावीत शिकवलं होतं. मोताळ्याला मांडवात धूळ होती. धुळीनं माणूस खोकतो. तो ठसका काढून टाक. लोणारही काढ. जिल्ह्यात मोताळा आहे, सिंदखेडराजा आहे, कुठंही कर. अभ्यासवर्ग सध्या बंद आहे, त्यामुळे गुरुवारी येण्यात अर्थ नाही.

काकूला काही विचारू नको आणि काही वाचून दाखवू नको. तिची अंगणवाडीतली पोरं, तिचं घर, त्यात लग्नाची धावपळ. तिच्या डोक्याला ताप कशाला? तुझ्या नायकाच्या बायकोला एकही ओळ नाही, हेच बरोबर आहे. काही बायकांची प्रतिष्ठा त्यांच्या मौनात असते.

आणि समज, अशी गोष्ट खरोखर कुणाची असली. नवरा गेलेली बाई. गाव तिच्याकडं कोणत्या नजरेनं बघतं ते तुला ठाऊक आहे. अशा वेळी कुणी तिच्या हातात पुस्तक दिलं, तिला माणूस म्हणून वागवलं, तर ते समाजकार्य की पाप? मी सिद्धांत सांगतोय. आपल्या माणसांनी दगड खाऊन सत्यशोधन केलं, ते दुसऱ्याच्या घरात डोकावण्यासाठी नव्हे.

वाचून हे पत्र फाडून टाक.

सहदेव


मेहकर, ९ नोव्हेंबर २०२४

अश्वजित बेटा,
जयभीम.

सरांचं पाच तारखेचं पत्र तुला मिळालं असेल. त्यात काय आहे हे मी वाचलेलं नाही, तरी मला ठाऊक आहे. लग्नाला एकतीस वर्षं झाली. त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून, स्वतः पोस्टात नेऊन टाकलेलं हे पहिलंच पत्र.

आता या पत्राचं अक्षर बघ. ओळखीचं वाटतं ना? ज्याला तू मोत्यासारखं म्हणतोस ते अक्षर सरांचं नाही, माझं आहे. त्यांचं लिहिलेलं त्यांना स्वतःलाच लागत नाही. ते कच्चं लिहितात, मी पक्की प्रत करते. त्यांची भाषणं, शाळेचे अहवाल, बदलीचे अर्ज, सगळं. तुझं हुंड्याच्या बाजूचं भाषणही मीच उतरवलं होतं. म्हणून तर तुला तसं विचारलं. खरं म्हणजे ते मी स्वतःलाच विचारत होते.

तर भगवंतरावाचं पत्रही माझ्याच हातचं आहे. त्या दुपारी त्यांनी कागद माझ्यापुढं ठेवले. "अश्वजितच्या सिनेमाचं आहे. उतरवून दे, आजच्या टपालात पडलं पाहिजे." मी अंगणवाडीतून आले होते, हात धुतले आणि बसले. गुरुवार उतरवला. सव्वादोनची गाडी उतरवली. "हे प्रेम नाही, प्रबोधन आहे" उतरवलं. "ती साधी आहे, तिला यातलं काही कळत नाही" हे लिहून झाल्यावर शाई वाळेपर्यंत थांबले आणि पान उलटलं. ते समोर बसून चहा पीत होते. मधे म्हणाले, "जमलं आहे ना?" मी म्हटलं, "हाव."

लिहिणारीला वाचताही येतं, हे त्यांच्या मनातच आलं नाही रे.

खोकला मला दोन वर्षांपासून ठाऊक आहे. पहिल्या लग्नाला मी खडीसाखर दिली. दुसऱ्याला ओवा. तिसऱ्या लग्नाला ध्यानात आलं की हा खोकला तिसऱ्या शीलाला येतो आणि चौथ्याला बरा होतो. असं दुखणं कोणत्या दवाखान्यात दाखवावं?

लोणारच्या बाईचं नाव संजीवनी. तिच्यावर राग नाही, असं मी म्हणणार नाही. आहे. पण मांडवात उभी राहून ती कुणाला शील देत नाही.

तू विचारशील, मी बोलले काऊन नाही? माझ्याजवळही समर्थनं होती. पायलचं जमू दे. त्यांची निवृत्ती होऊ दे. लोक हसतील, आपल्याच लोकांची मान खाली जाईल. एकापेक्षा एक चांगली कारणं. उतरवली असती तर सरांच्या तोडीची झाली असती.

आता एकच गोष्ट उरली आहे. दोन वर्षांत सव्वीस जोडप्यांची लग्नं त्यांनी चार शीलांवर लावली आणि मी पुढच्या रांगेत गप्प बसून राहिले. सत्ताविसावी माझी पोर आहे. तिला पाचच्या पाच पाहिजेत, देणाऱ्याच्या तोंडून. ते कसं होईल, एवढंच मी सध्या बघते आहे.

उत्तर अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठव.

तुझी,
काकू


पुणे, २० नोव्हेंबर २०२४

प्रिय काकू,
जयभीम.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. मी आंधळा होतो. ज्या हातानं मला भाकर दिली तो हात मला ओळखता आला नाही.

मी सरांशी बोलू का? की पायलचं लग्न लावायला दुसरं कुणी बोलवायचं? बुलडाण्याला माझ्या ओळखीचे एक आचार्य आहेत.

चित्रपट थांबवावा असं पहिल्या रात्री वाटलं. पण काकू, खरं सांगतो, थांबवणं बरोबर होणार नाही. हे दुःख तुमच्या एकटीचं नाही. घराघरांतल्या बायकांचं आहे. ते समोर आलं पाहिजे. कुणीतरी बोललं पाहिजे. नावं बदलू, गाव बदलू. तुमच्या पत्रातलं "लिहिणारीला वाचताही येतं" हे वाक्य मी बायकोच्या तोंडी घातलंय. नटीला दिलंसुद्धा. वाचताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. चालेल ना?

लग्नाला येणं जमणार नाही. सरांसमोर उभं राहायची हिंमत नाही.

तुमचा,
अश्वजित


मेहकर, १४ जानेवारी २०२५

प्रिय अश्वजित,
जयभीम.

लग्न उत्तम झालं. तू आला नाहीस याचा राग आहे. पण तुझ्या चित्रपटाचा शेवट मला मांडवात सापडला, म्हणून राग बाजूला ठेवून लिहितोय.

भगवंतराव स्वतःच्या पोरीचं लग्न लावतोय. दोन शीलं होतात. तिसऱ्याला खोकला. लोक सवयीनं म्हणू लागतात, एवढ्यात बायको पुढच्या रांगेतून उठते, माईकपाशी येते आणि म्हणते, "तुमचं राहिलं." सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. आणि अश्वजित, तो म्हणतो! सबंध शील, खणखणीत, पहिल्यापेक्षा वरच्या पट्टीत. टाळ्या पडतात. दोन वर्षांचा मळ एका क्षणात धुऊन निघतो. क्षमा मागायला नको, कबुली द्यायला नको. शील उच्चारलं की माणूस पुन्हा स्वच्छ.

आणि विनोद कुठं आहे बघ. बायकोला काहीच ठाऊक नसतं. तिनं आपलं भोळेपणानं आठवण करून दिलेली असते. तिच्या अजाणपणामुळं तो वाचतो. यापेक्षा करुण काय असेल?

अक्षराबद्दल माफ कर. तुझ्या काकूचा हात दुखतो म्हणते.

तुझा,
सहदेव


मेहकर, १६ जानेवारी २०२५, गुरुवार

अश्वजित,
जयभीम.

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण राग आला होता. माझं वाक्य तू आधी नटीला दिलंस आणि मग मला विचारलंस. वर म्हणालास, घराघरांतल्या बायकांसाठी. तू सरांचाच विद्यार्थी आहेस. दोन वर्षं भाकर माझी खाल्लीस आणि शिकलास त्यांच्याकडून. आता ते वाक्य राहू दे. पण ते घराघरांतल्या बायकांचं नाही, माझं आहे, एवढं ध्यानात ठेव.

लग्नाचं सांगते. तुला सरांनी कळवलंच असेल, त्यांच्या पद्धतीनं.

खोकला आला. रुमाल निघाला. पायल हळूच म्हणाली, "पप्पा, पाणी देऊ का?" मी उठले. माईक धरला आणि म्हटलं, "पाणी नको बेटा. तुमचं राहिलं जी. तुम्ही म्हणा, मग पोरगी म्हणीन."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता दोहोंपैकी एक होईल. एक तर ते म्हणूच शकणार नाहीत, नाही तर म्हणताना त्यांचा आवाज फुटेल. त्यांच्या खरेपणावर माझा अजून केवढा विश्वास होता बघ! दोन वर्षं ज्या खोकल्याचा राग केला, त्याच खोकल्याच्या भरवशावर मी उभी होते.

त्यांनी म्हटलं. न अडखळता. मागून माझा भाऊ कडूबा ओरडला, "वा दाजी, आवाज अजून तोच!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. पायलनं पाचही शीलं घेतली. त्यासाठी उभी राहिले होते, तेवढं झालं.

घरी आल्यावर म्हणाले, "बरं झालं तू आठवण केली. मले हलकं वाटून राह्यलं." मी वाट पाहिली, अजून काही म्हणतील. ते झोपले.

आज दुपारी भांग पाडला, इस्त्रीचा रुमाल घेतला. मी विचारलं, "कुठं?"

"लोणार. अभ्यासवर्ग."

"अन् रविवारी शील घेतलं ते?"

ते हसले. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "ते पायलचं शील होतं. घेणाऱ्यानं पाळायचं असते. मी देणारा आहो."

बुलडाण्याच्या स्पर्धेत त्यांना बक्षीस मिळालं असतं. खोकला हीच त्यांच्यातली शेवटची खरी गोष्ट होती. तीही मी चारचौघांत माईक धरून काढून घेतली.

जाता जाता त्यांनी पिशवीतून कागद काढले आणि माझ्यापुढं ठेवले. सव्वीस जानेवारीचं भाषण, स्त्री-पुरुष समानतेवर. "हात बरा झाला असेल तर उतरवून ठेव. मी येतो तवरिक झालं पाहिजे."

मी कागद तसेच त्यांच्याकडं सरकवले. म्हटलं, "मले यातलं काही कळत नाही. मी साधी आहो."

आधी भिंत बोलावी तसं त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग ते वाक्य कुठलं आहे, हे त्यांना आठवायला लागलं. आपण ते लिहिलं होतं. उतरवलं कुणी होतं? मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. एकतीस वर्षांत मी त्यांचं कितीतरी लिहिलेलं वाचलं, पण त्यांचा चेहरा एवढा स्वच्छ कधी वाचता आला नव्हता.

काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं. मी वाट पाहिली. एक वाक्य, कसंही, मोडकंतोडकं. "चुकलो" एवढं जरी म्हटलं असतं. पण बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. त्यांनी घड्याळ पाहिलं, कागद पिशवीत कोंबले आणि गेले. गाडी सव्वादोनची होती.

मी त्यांचे कपडे, पुस्तकं आणि चष्म्याची जादा डबी दोन पेट्यांत भरून ओट्यावर नेऊन ठेवली. घर माझ्या नावावर आहे. तुझ्या सिनेमासाठी त्यांनीच मला ते उतरवायला दिलं होतं. पायलला फोन करून सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "आई, तू जेवली का?" मग आतून कडी लावली आणि तुला लिहायला बसले.

शेवट असाच दाखव. त्याला टाळ्या मिळालेल्या दाखव. लोक हसतील. हसू दे.

सहा वाजले आहेत. मघापासून कडी वाजते आहे. "अन्नपूर्णा, दार उघड. लोक बघून राह्यले." मग म्हणाले, "माझं ऐकून तर घे. माझ्याजवळ उत्तर आहे." त्यांच्याजवळ असेलच.

आता बोलणं थांबलं आहे. बाहेर फक्त खोकला ऐकू येतो. खराच वाटतो.

मी उठलेली नाही. या पत्राची पक्की प्रत करणार नाही. खाडाखोड आहे तशीच पाठवते.

अन्नपूर्णा